‘म्हणे’ काढायचं झालं तर

१२ जानेवारी

ताई,

हे पत्र चिमणी तुला वाचून दाखवणार, म्हणून आधी तिलाच सांगतो. चिमणे, तू आता स्वतः सासू झालीस, तरी मामाचं ऐक. घाईने वाचू नकोस. तुझ्या आईच्या डाव्या कानाच्या बाजूला बस, उजव्याने तिला कमी ऐकू येतं. आणि मी जिथे ‘हे वाचू नकोस’ असं लिहीन, ते खरंच वाचू नकोस.

ताई, तू बरी असशील. गुडघ्याचं काय झालं? जिन्याला कठडा बसवला का? मागच्या पत्रात विचारलं होतं, तुझं उत्तर आलं नाही. त्याआधीच्या पत्रालाही आलं नाही. पत्रं पोचत नसतील असं मी धरून चाललोय. सूनबाई म्हणते, ‘बाबा, पत्रं पोचतात. आत्याबाई रागावल्यात.’ तिला सगळं सरळ दिसतं. तिचं वय लहान आहे.

तर रागाबद्दल. आपली पुस्तकवाली, म्हणजे माझी नात, जिला तू शाळेच्या सुट्टीत मांडीवर घेऊन बसायचीस, तिचं पुस्तक लिहून झालं. डोंगरातल्या वस्तीचं. नदीकाठच्या घरांचं. जंगलखात्याची माणसं आली आणि आपल्याला गाड्यांत भरून खाली आणलं, त्याचं. एका पानावर आपली बोली, समोरच्या पानावर शहरी भाषा. आपल्या बोलीत छापलेलं पुस्तक मी पहिल्यांदाच बघणार. आपली बोली मला कानाने माहीत, डोळ्याने नाही. स्वतःच्या घरातलं माणूस रस्त्यात परक्या कपड्यांत भेटावं तसं वाटतं.

तिने प्रत्येक वाक्याला ‘म्हणे’ लावलंय. घरं होती म्हणे. माणसं आली म्हणे. चुली पाण्याने विझवल्या म्हणे. त्यावर तू निरोप पाठवलास की माझ्या तोंडची गोष्ट ‘म्हणे’ लावून छापणार असाल तर माझं तोंड विसरा. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. तिचं काही चुकलंय का, ताई? तूच शिकवलंस ना तिला? जे डोळ्याने पाहिलं ते नुसतं सांगायचं. जे पाहणाऱ्याकडून ऐकलं त्याला ‘म्हणे’ लावायचं. आईला आठव. भिंतीपलीकडे पाऊस पडला तरी ती ‘पडला म्हणे’ म्हणायची. न पाहता ‘म्हणे’ गाळणारा माणूस आपल्यात लबाड ठरतो. पोरीने काही पाहिलेलं नाही. तिच्या बापानेही नाही. तिने ‘म्हणे’ लावलं नसतं तर तूच तिला उभी जाळली असतीस.

तुझा राग मला कळत नाही असं नाही. सरकारी चौकशीवाले आले होते तेव्हा तू तासन् तास सांगितलंस आणि आपल्या काकाने ते शहरी भाषेत करून दिलं. काका त्या दिवशी वस्तीवर नव्हता, मध विकायला गेला होता. म्हणून त्याने इमानाने तुझ्या एकेका वाक्याला ‘म्हणे’ जोडलं. आपल्यात ती सचोटी. शहरात ‘म्हणे’ म्हणजे ऐकीव, म्हणजे बाजारगप्पा. त्यांनी लिहिलं, सगळं ऐकीव आहे, लोक स्वखुशीने खाली आले असावेत. तेच पुढे शाळेच्या पुस्तकात गेलं, आणि तिथे पोचेपर्यंत ‘असावेत’ही गळलं. आता नुसतं ‘स्वखुशीने आले’. म्हणजे ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी ‘म्हणे’ काढून टाकलं, आणि जिने पाहिलं तिच्या गळ्यात अडकवलं. काका मरेपर्यंत विचारत होता, ‘पण माझं चुकलं कुठे?’

आता मुद्दा. पोरीने वाट शोधली आहे. तीही आपलीच, जुनी. पाहणारा माणूस गुडघ्याला गुडघा लावून समोर बसला आणि सांगणाऱ्याच्या एकेका वाक्याला हुंकार देत गेला, तर त्या वाक्याचं ‘म्हणे’ निघतं. हुंकार आला नाही ते वाक्य मोडायचं, नाहीतर नव्याने सांगायचं. हे तुला मी काय सांगणार. पण इथली उरलेली चार म्हातारी माणसं त्या दिवशी काकाबरोबर बाजाराला गेलेली, म्हणून हुंकार देणारं माणूस आता एकच उरलंय, आणि ते तिसऱ्या मजल्यावर गुडघे धरून बसलंय.

ती तुझ्याकडे येते म्हणते. पुस्तक वाचेल, तू फक्त ‘हूं’ म्हणायचं. छापखाना मार्चपर्यंत थांबायला तयार आहे. तू नाही म्हणालीस तर ‘म्हणे’सकट छापतील, आणि शहरातली माणसं पुन्हा तेच म्हणतील.

चिमणे, पुढचं वाचू नकोस. खालच्या सहीपाशी जा.

पुस्तकात पाणगवताचं एक पान आहे. त्यात शेवटाला एक वाक्य आहे. तिथे फार वेळ लावू नये असं मला वाटतं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे. पण हे कसं सांगावं ते सुचत नाही, म्हणून राहू दे.

तुझा धाकला

२७ जानेवारी

ताई,

चिमणीचं कार्ड आलं. वर तारीख नाही, खाली सही नाही, पण अक्षर तिचंच, बुटकं. ‘आई म्हणते, पत्रं सगळी मिळाली. आई म्हणते, विचार करते. आई म्हणते, ‘हे वाचू नकोस’ असं लिहिलं की चिमणी ते आधी वाचते, हे धाकल्याला अजून कळत नसेल तर कठीण आहे.’

मी ते कार्ड सूनबाईकडून पुन्हा वाचून घेतलं. ती हसून हसून खुर्चीत बसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ‘विचार करते’ म्हणजे काय, ताई? कसला विचार? तू आयुष्यात विचार करून काही केलं नाहीस. लग्नाला हो म्हणालीस तेव्हा नवरा दारात चपला काढत होता. तू विचार करतेस म्हटल्यावर मला झोप लागेना. तुझी तब्येत बरी आहे ना? चिमणी लपवत तर नाही ना काही?

इथलं सांगतो. थंडी आहे, पण फार नाही. माझा खोकला गेला. डॉक्टर म्हणाले, ‘आजोबा, एवढा दाबून खोकू नका, मोकळं खोका.’ मला जमत नाही. दवाखान्यात एवढी वर्षं काढली, स्ट्रेचरच्या चाकांना आणि दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालण्यात. आवाज होऊ द्यायचा नाही हीच माझी नोकरी. सगळे म्हणायचे, हा कधी येतो आणि कधी जातो कळत नाही. मोठ्या डॉक्टरांनी मला ‘मांजर’ नाव ठेवलं होतं. मला ते बक्षीसच वाटायचं. निवृत्त झाल्यावर तेलाची बुधली तेवढी घरी आणली. आता सूनबाईच्या कपाटांना, शेजाऱ्यांच्या फाटकाला, पोरीच्या खुर्चीला घालतो. सूनबाई म्हणते, ‘बाबा, एकदा तरी पाय वाजवत या. मागे उभे असता आणि वळलं की माझा जीव जातो.’

पोरगी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसते. मी लांबून बघतो. परवा मुलाने तिला चिडवलं.

‘झालं का गं तुझं म्हणेपुराण?’

‘थोरली आजी हो म्हणाली की होईल.’

‘आणि नाही म्हणाली तर?’

‘तर म्हणेपुराणच.’

‘एवढं उकरून काय निघणार आहे? आता पक्की घरं आहेत, नळ आहे. कोण डोंगरात परत जाणार?’

ती म्हणाली, ‘परत जायचं कोण म्हणतंय? माझ्या शाळेत बाईंनी मला उभं करून वाचायला लावलं होतं, ते लोक स्वखुशीने खाली आले. मी वाचलं. मोठ्याने, स्पष्ट. आणि बाई म्हणाल्या शाबास. ती शाबासकी मला परत द्यायची आहे.’

 मुलालाही उभं करून तेच वाचायला लावलं होतं, हे त्याने तेव्हा सांगितलं. त्याचे इतके केस पांढरे झाले तरी घरात कधी बोलला नव्हता. मग दोघं बापलेक त्या ओळीवरून हसायला लागले. दोघांना ती पाठ आहे. स्वल्पविरामासकट.

मी हसलो नाही. मला त्या पाणगवताच्या पानाचं लागून राहिलंय.

आता बघ, मी ‘वाचू नकोस’ लिहीत नाही. चिमणे, वाच. मला एवढंच विचारायचंय की ताई, तू पोरीला तिच्या लहानपणी सगळं सांगितलंस. घरं, कोंबड्या, नदी, माणसं कशी आली, आपण कसे पळालो. पाणगवतात शिरलो इथपर्यंत सांगायचीस आणि मग एकदम गाड्या. मधलं का गाळायचीस? पोरीने ते मधलं इथेच ऐकलंय, इथल्या म्हाताऱ्यांकडून, आपल्या आईने त्यांना सांगितलेलं. तिला वाटतं तू दमायचीस म्हणून गाळायचीस. मला वाटतं तू माझ्यासाठी गाळायचीस.

उत्तर दे. नाहीतर ‘विचार करते’ तरी पुन्हा लिही, म्हणजे जिवंत आहेस एवढं कळेल.

तुझा धाकला

९ फेब्रुवारी

ताई,

‘ये म्हणावं. आणि धाकल्याला सांग, कठडा बसवला.’ एवढंच. पण पुरलं.

पोरगी उद्या सकाळच्या बसने निघते. मी तिला खिडकीजवळची जागा घे म्हटलं, मग वाटलं खिडकीतून वारा लागेल, म्हणून मधली घे म्हटलं. ती म्हणाली, ‘आजोबा, मी ड्रायव्हरच्या मांडीवर बसते.’ तिची जीभ तुझ्यावर गेली आहे. तिच्याबरोबर लोकरीची शाल पाठवतो आणि तेलाची छोटी बाटली. तुमच्या गॅलरीचं दार कुरकुरतं असं चिमणीने मागे लिहिलं होतं. पोरगी घालील तेल. वरच्या बिजागरीला आधी, मग खालच्या.

आता जे सांगायचं ते सांगतो. पोरगी हे पत्र नेत नाही, ते टपालानेच येईल, आणि कदाचित ती तुझ्यासमोर बसलेली असतानाच पोचेल. तिच्यासमोर वाचू नका. या वेळी खरंच, चिमणे. हात जोडतो.

पाणगवताच्या पानावरचं शेवटचं वाक्य असं आहे. ‘धाकटा रडला म्हणे, आणि त्या आवाजावरून सगळे सापडले म्हणे.’

धाकटा म्हणजे मी. पुस्तकात नाव नाही, पण वस्तीत त्या वेळी दुसरं तान्हं नव्हतं. सगळ्यांना माहीत आहे. लहान होतो तेव्हा म्हातारी माणसं गमतीने म्हणायची, ‘आला बघा आपला भोंगा.’ कोणी रागावून म्हटलं नाही, हे खरं सांगतो. तान्ह्या पोराला कोण बोल लावणार? पण मी ते ऐकतच मोठा झालो. माणसं पाणगवतात, गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती. अंधार पडला असता तर पलीकडच्या काठाने वर निसटली असती. आणि मी रडलो.

शाळेतून मला चौथीत घरी पाठवलं. मास्तर प्रश्न विचारायचे आणि माझा आवाज निघायचा नाही. त्यांना वाटलं पोरगं मंद आहे. मंद नव्हतो, ताई. उत्तर माहीत असायचं. पण मोठ्याने बोललं की कोणीतरी सापडेल असं वाटायचं.

मी वाक्य काढ म्हणत नाही. पोरीलाही म्हटलं नाही. खरं आहे ते राहिलं पाहिजे, नाहीतर आपल्यात आणि शाळेच्या पुस्तकात फरक काय? फक्त माझं एवढं ऐक. बाकी सगळ्या पुस्तकाला तू हुंकार दे. सगळी ‘म्हणे’ निघू देत. त्या एका वाक्याला हुंकार देऊ नकोस. खोकला आला असं कर. पाणी मागायला उठ. म्हणजे त्या एकाला ‘म्हणे’ राहील. मी आयुष्यभर त्या ‘म्हणे’च्या आडोशाला बसलोय. सगळ्यांना वाटतं रडलो, सगळे सांगतात रडलो, पण शेवटी ‘म्हणे’. त्या एका शब्दात थोडी फट आहे. तू हुंकार दिलास की ती फट बुजली. पाहणारं माणूस ‘हूं’ म्हणालं की संपलं.

हुंकार नसेल तर वाक्य मोडतात, हे मला माहीत आहे. तू पोरीला समजाव, एक तसंच राहू दे. माझं मागणं नियमाबाहेरचं आहे. पण मी तुझ्याकडे फार मागितलं नाही कधी. एकदा तुझी लाल ओढणी मागितली होती, ती तू दिली नाहीस.

तुझा धाकला

१९ फेब्रुवारी

ताई,

काल फोन आला होता. मी घेतला नाही, माझ्या हाताला घाम येतो. सूनबाईने घेतला आणि मला ऐकू जावं म्हणून सगळं दोनदा म्हणून दाखवलं.

घरांच्या पानांना हुंकार मिळाला म्हणे. नदीच्या पानांना मिळाला म्हणे. (मी बघ, नियम पाळतो. मी तिथे नव्हतो.) एका जागी पोरीने लिहिलं होतं की माणसं आली तेव्हा सगळी वस्ती रडत होती. तिथे तुझा हुंकार आला नाही. ती थांबली. तू म्हणालीस, ‘कोणी रडलं नाही गं. आम्ही हसत होतो. साहेबाच्या टोपीवर कोंबडी बसली होती आणि त्याला कळलं नव्हतं.’ पोरगी म्हणाली, ‘आजी, हे लिहू?’ तू म्हणालीस, ‘कोंबडी खरी होती ना? मग लिही.’ सूनबाई फोनवरच एवढी हसली की शेजारीण विचारायला आली.

मी म्हटलं, आणि पाणगवताचं पान? सूनबाई म्हणाली, तिथे अडलंय. आत्याबाई त्या पानाला उठून गेल्या. गॅलरीत बसल्या आहेत. काल दिवसभर तिथेच होत्या. आज सकाळी पोरीला म्हणाल्या, ‘आधी गाड्यांचं वाच.’

ताई, तू माझं पत्र ऐकलंस असं दिसतंय. मी तुला संकटात घातलं. नियम मोडायला लावला आणि तुला ते होत नाही. मला आता वाटतंय, दे हुंकार. देऊन टाक. मी म्हातारा झालो, फट बुजली तरी किती दिवस सोसायची आहे? पोरीचं पुस्तक अडायला नको. स्वखुशीने येणारं माणूस पाणगवतात लपत नाही, हे त्या पानानेच कळतं. ते पान गळलं तर बाकी सगळं फुकट. त्यापुढे माझं काय मोठंसं.

हे पत्र जलद टपालाने टाकतो. जलद टपाल खरंच जलद जातं का, हे मी खिडकीवरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, ‘आजोबा, टाकून तर बघा.’ हे काही उत्तर झालं?

दे हुंकार.

धाकला

३ मार्च

ताई,

पोरगी परवा आली. तुझा चेहरा भरलाय म्हणाली. शाल तू पहिल्या दिवशीच चिमणीला दिलीस, तेही सांगितलं. मला माहीतच होतं.

मी विचारलं, ‘पाणगवताचं काय झालं?’ ती म्हणाली, ‘आजोबा, तसं नाही. थोरल्या आजीने सांगितलंय, बसवून वाचून दाखव, आणि तो मधेच उठू लागला तर हात धर.’ मग दुपारी जेवणं झाल्यावर तिने मला खिडकीपाशी बसवलं. सूनबाई भांडी तशीच टाकून आली. मुलाने त्या दिवशी अर्धी रजा घेतली होती, मला न सांगता. सगळे समोर बसलेले बघून मला वाटलं काहीतरी वाईट आहे. मी उठू लागलो. तिने हात धरला.

तिने वाचलं. एकाही वाक्याला ‘म्हणे’ नव्हतं. घरं होती. माणसं आली. साहेबाच्या टोपीवर कोंबडी बसली. ताई, आपल्या बोलीत ते तसं नुसतं, उघडं ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. जणू पोरगी तिथे उभी होती. आणि लबाडी कुठेच नव्हती, कारण प्रत्येक वाक्याखाली तुझा हुंकार होता. मला तो ऐकू येत होता.

मग पाणगवत आलं. मी डोळे मिटले. तिने वाचलं ते मला एकदाच ऐकून पाठ झालंय.

‘धाकटा रडला नाही. त्याच्या बहिणीने त्याच्या तोंडावर हात धरला होता. आईने तिला धरायला सांगितलं होतं. माणसं काठाने फिरत होती, म्हणून तिने हात काढला नाही. मग तिने खाली बघितलं तर तो निळा पडला होता आणि हलत नव्हता. तिला वाटलं तो मेला. ती ओरडली. त्या आवाजावरून सगळे सापडले.’

आणि पुढे, ‘आईने गाडीत सगळ्यांना सांगितलं, धाकटा रडला. मुलीला म्हणाली, तू गप्प राहा. तुला या माणसांत मोठं व्हायचंय. तान्ह्याला कोणी काही म्हणणार नाही.’

पोरगी थांबली.  सूनबाई पदराने नाक पुसत होती. मग मुलगा म्हणाला, ‘माझ्या आजीला एवढंच सुचलं नाही, की तान्हं पोरही मोठं होतं.’

ताई, तुला वाटत असेल मी रागावलो. गॅलरीत बसून तू तेच मनात घोळवत होतीस, असं पोरगी म्हणाली. मला आता कळतं तू मधलं का गाळायचीस. चौकशीवाल्यांना का सांगितलं नाहीस. मला वाटायचं माझ्यासाठी. तू स्वतःसाठी गाळत होतीस आणि मी इथे तेलाची बुधली घेऊन फिरत होतो. दोघंही एकाच पाण्यात बसलेलो, आणि एकमेकांना दिसत नव्हतो.

मी रागावलो का, हे मी स्वतःला दोन दिवस विचारलं. तुला माहीत आहे, मला कशाचीही काळजी करता येते, म्हणून नीट तपासून बघितलं. राग सापडला नाही. तू तेव्हा सात वर्षांची असशील. माणसं काठावर आहेत हे तुला माहीत होतं, ओरडलं तर काय होईल हेही. तरी मी मेलो असं वाटल्याबरोबर तू ओरडलीस. माझ्यासाठी आयुष्यात दुसरं कोणी एवढ्या मोठ्याने ओरडलं नाही, ताई. माझी बायको चांगली होती, पण तीही नाही.

पोरीला मी विचारलं, त्या एका वाक्याला ‘म्हणे’ लावायचं का? म्हणजे तुला आडोसा राहील. इथली चार म्हातारी माणसं अजून आहेत, कोणी काही बोललं तर? ती म्हणाली, ‘मीही तेच विचारलं होतं. थोरली आजी म्हणाली, या वाक्याला ‘म्हणे’ लावलंस तर मी उठून जाईन, आणि माझे गुडघे दुखतात, तेव्हा मला उठायला लावू नकोस.’

काल संध्याकाळी तिने अंगणात त्या चौघांना ते पान वाचून दाखवलं. मी दाराआड उभा होतो. सगळ्यात म्हातारी आहे ना, जी मला भोंगा म्हणायची, तिने ते पान पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, ‘म्हणजे भोंगा ती होती होय? तरीच म्हटलं, तान्ह्या पोराचा आवाज काठापर्यंत एवढा खणखणीत पोचला कसा.’ आणि हसायला लागली. तिचे दात नाहीत, पण हसू पोटातून होतं. मग मला हाक मारली, ‘बाहेर ये रे. इतकी वर्षं फुकट बोलले तुला. ये, बस इथे.’ मी गेलो. तिने मला स्वतःच्या ताटलीतला अर्धं केळं दिलं. तिने कधी कोणाला काही दिल्याचं मला तरी आठवत नाही.

पुस्तक छापखान्यात गेलं. आता चुका राहतील का, कागद पिवळा पडेल का, ही काळजी आहे. शाळेतल्या त्या बाईंना पहिली प्रत पाठवायची असं बापलेकीचं ठरलंय. बाई आता फार म्हाताऱ्या झाल्या असतील. मी म्हटलं, सोबत गोड शब्दांत चिठ्ठी लिहा. पोरगी म्हणाली, ‘गोड कशाला? ‘वाचा, मोठ्याने, स्पष्ट’ एवढंच लिहिते.’

तुला एक सांगायचं राहिलं. आज सकाळी मला शिंक आली आणि मी ती दाबली नाही. सूनबाईच्या हातून चहाची बशी पडली. ती म्हणाली, ‘बाबा, तुमचीच का ही?’ मी म्हटलं, हो. आणि कपाटाचं दार परवापासून कुरकुरतंय. बुधली खिशात आहे. दोनदा हात गेला, पण म्हटलं राहू दे, दार आहे, वाजणारच.

उन्हाळ्यात ये. बसने नको, वळणं फार आहेत. गाडीने नको, भाडं फार आहे. कशीही ये. ती लाल ओढणी आता तरी आण. आणि चिमणे, आईला एक विचारून कळव, निळा म्हणजे किती निळा? पोरगी म्हणते वांग्यासारखा, पण ती तिथे नव्हती, तिने ‘म्हणे’ लावायला हवं होतं.

मी मात्र लावत नाही. मी त्या दिवशी रडलो नव्हतो. हे मी पाहिलेलं नाही, पण पाहणारीने हुंकार दिलाय.

तुझा, न रडलेला,
धाकला